तिसऱ्या सिलिंडरचं म्हणणं

ओरलीन होल्डरच्या डाव्या कानाने
दहा वर्षांपूर्वीच काम सोडलं.
उजवा अजून हजेरी लावतो.
तांब्याची एक नळी, टोकाशी ठोकून चपटी केलेली,
बोल्टने आवळलेली इंजिनच्या अंगाला,
पुढे रबराचा पाइप, आणि पाइपाच्या शेवटी
विमानतळावरच्या कुणा हमालाचं जुनं कानझाकण.
एवढंच तिचं यंत्र.

सेंट फिलिपमधल्या या शेडमागचा ऊस तुटून गेलाय.
वाऱ्यात मीठ, बोल्टांवर गंज,
जर्व्हनच्या हातात लॅपटॉप.
"तिसरा मिसिंग मारतोय, बाई.
प्लग नवे घातले. कॉइल पहिलीची तिसरीला, तिसरीची पहिलीला.
इंजेक्टर धुऊन आणले. तरी तिसराच.
आणि चढावर, चार हजारांच्या पुढे,
डब्यात खडे हलवावेत तसा आवाज."

"या दोन तक्रारी आहेत, एका श्वासात सांगू नकोस.
एक म्हणजे बोलायच्या वेळी गप्प बसणं.
दुसरी, ज्योत पोचायच्या आत
कोपऱ्यातल्या पेट्रोलने स्वतःच पेटून उठणं.
माझ्या घरात दोन्ही नमुने होते,
नवरा आणि सासू."
जर्व्हन हसला नाही. रविवारी शर्यत होती.

पाइप खिडकीतून आत घेतला. ती शेजारी बसली,
कानझाकण घालून, डोळे मिटून,
आणि त्याने गाडी चर्चमागच्या चढाला लावली.
तीन हजार. साडेतीन.
टण.
"हा पत्रा. सैल ब्रॅकेट.
तुझा सेन्सर भोळा आहे रे,
कुणीही टकटक केली की दार उघडतो."
चार हजार दोनशे.
तिने एक बोट वर केलं.
मग दुसरं. मग दोन एकदम.
माथ्यावर पोचेपर्यंत सात.
लॅपटॉप अकरा म्हणत होता.
चार त्या पत्र्याचे.

परत आल्यावर तिसरा प्लग काढला,
उजेडाकडे धरला.
पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरावी तसे ठिपके.
"काजळी," जर्व्हन म्हणाला.
"नीट बघ. चमकतात.
हा पिस्टन आहे तुझा, थोडा थोडा निघून चाललेला."

मग दाब मोजला.
दीडशे. दीडशे. नव्वद. एकशे पंचेचाळीस.
तिने चहाचा चमचा घेतला, खराच, घरातला,
तिसऱ्यात चमचाभर तेल सोडलं
आणि पुन्हा मोजलं.
काटा एकशे तीसवर गेला.
चांगली बातमी नसते ही.
ती बराच वेळ चमचा पुसत राहिली.

"रिंग?"
"रिंग ज्या काठावर बसते, तो काठ."

जानेवारीत त्याने बूस्ट वाढवला होता,
कुठल्याशा थंड मुलुखात लिहिलेल्या फाइलवरून,
मित्राने फुकट दिलेल्या.
आकडे समुद्र ओलांडून आले.
हवा तिकडेच राहिली.
इथे सकाळी नऊलाच इंटेकवर हात ठेववत नाही.

"मीच केलं का हे?"
तिने उत्तर दिलं नाही. मग म्हणाली,
"मघाशी मी चुकले.
तक्रार एकच होती.
आधी खूप बोलला बिचारा, कुणी ऐकलं नाही,
म्हणून आता गप्प आहे."

"रविवारपुरती चालेल?"
"चालेल. मी बूस्ट उतरवते, टायमिंग मागे घेते.
पण कुणाला मागे टाकायला जाऊ नकोस.
सोमवारी इंजिन खाली घेऊ."

तो ब्रॅकेट तेवढा त्याने स्वतः आवळला,
गरजेपेक्षा जास्त जोर लावून.

गाडी गेल्यावर
तिने कानझाकण उतरवलं.
अंधारात इवलेसे बेडूक शिट्ट्या घालत होते,
पानापानातून, हजारांनी, कुणाच्याच तालात नाहीत.
सवयीने तिचं बोट वर झालं.
एक. दोन. तीन
मोजून झाल्यावर तिने दिवा घालवला.